काचेच्या कोठडीतून परतलेली मुलगी

पुलाच्या कठड्याकडे एक तरुणी धावत जाते. हे दृश्य कुणीतरी मोटारीतून मोबाइलवर टिपलेले आहे. चित्र थरथरते आहे. तरुणी क्षणभर मागे वळून पाहते आणि पुलावरून खाली झेप घेते. ‘द ओए’ या अमेरिकी मालिकेची सुरुवात अशी होते. पुढे रुग्णालयात शुद्धीवर आलेल्या त्या तरुणीला कुणी स्पर्श केलेला सहन होत नाही. तिच्या पाठीवर व्रण आहेत. मोबाइलवरची ती चित्रफीत सर्वत्र पसरते आणि मिशिगन राज्यातील एक वृद्ध दांपत्य धावत येते. सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता असलेली आपली दत्तक मुलगी प्रेअरी हीच, हे ते ओळखतात. परंतु एक गोष्ट त्यांना उलगडत नाही. प्रेअरी घरातून गेली तेव्हा आंधळी होती. आता तिला दिसते.

नेटफ्लिक्सची सेवा भारतात जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि ही मालिका त्याच वर्षी १६ डिसेंबरला आली. त्यामुळे आपल्याकडील प्रेक्षकालाही ती अमेरिकी प्रेक्षकाबरोबरच पाहता आली. पहिल्या पर्वाचे आठ भाग, मार्च २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाचे आठ, आणि त्यानंतर काही महिन्यांतच मालिका बंद. एवढ्या अल्प आयुष्याच्या मालिकेविषयी आजही चर्चा होते, वाद होतात. काहींना ती अद्भुत वाटते, काहींना हास्यास्पद. या दोन्ही प्रतिक्रियांना कारणे आहेत. ती समजून घ्यायची तर कथानकाचा बराच भाग सांगावा लागेल. ज्यांना मालिका कोरी पाटी ठेवून पाहायची असेल, त्यांनी हा लेख नंतर वाचावा.

मध्यरात्रीची बैठक

प्रेअरी स्वतःला आता ‘ओए’ म्हणवते. या अक्षरांचा अर्थ पुढे उलगडतो: ‘ओरिजिनल एंजल’, म्हणजे आद्य देवदूत. आईवडिलांना किंवा तपास यंत्रणांना ती काहीही सांगत नाही. मात्र वसाहतीतील एका अर्धवट बांधलेल्या, ओसाड घरात ती पाच जणांना जमवते आणि रोज रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात त्यांना आपली हकीकत सांगते. तिची अट एकच असते. येताना प्रत्येकाने आपल्या घराचा दरवाजा उघडा ठेवून यावे.

हे पाच जण एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. स्टीव्ह हा मारकुटा मुलगा. त्याचे आईवडील त्याला दूरच्या एका कडक शिस्तीच्या छावणीत पाठवण्याच्या विचारात आहेत. अल्फॉन्सो सोसा, ज्याला सारे ‘फ्रेंच’ म्हणतात, तो हुशार विद्यार्थी. घरचा भार त्याच्यावरच आहे. जेसी हा आईवडिलांचे छत्र हरपलेला अबोल मुलगा. बक हा जन्माने मुलगी ठरवला गेलेला, परंतु मुलगा म्हणून जगू पाहणारा. आणि पाचवी व्यक्ती म्हणजे त्यांच्या शाळेतील मध्यमवयीन शिक्षिका बेट्टी; जुळ्या भावाच्या मृत्यूचे दुःख उरात दडवून ती रोज वर्गात उभी राहते.

ओएच्या सांगण्यानुसार तिचा जन्म रशियातला, नाव नीना अझारोवा, वडील गडगंज श्रीमंत. शाळेची बस पुलावरून नदीत कोसळते आणि लहानगी नीना मृत्यूच्या दारातून परत येते. परत येण्याची किंमत म्हणून तिला डोळे गमवावे लागतात. पुढे ती अमेरिकेत येते, वडील जातात, जॉन्सन दांपत्य तिला दत्तक घेते. मोठी झाल्यावर वडील आजही जिवंत असतील या आशेने ती न्यूयॉर्कला जाते. तेथे भुयारी रेल्वेच्या स्थानकात ती व्हायोलिन वाजवत असताना हॅप नावाचा शास्त्रज्ञ तिला गाठतो. मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेल्या माणसांचा तो अभ्यास करतो. गोड बोलून तो तिला आपल्या विमानातून दूरच्या घरी नेतो. त्या घराखाली काचेच्या कोठड्या आहेत आणि तिच्यासारखीच आणखी माणसे त्यांत बंद आहेत. हॅप या कैद्यांना पुन्हा पुन्हा बुडवून मारतो, पुन्हा जिवंत करतो आणि मधल्या क्षणांत त्यांना काय ऐकू येते याची नोंद ठेवतो. कैद्यांना त्या पलीकडच्या जगातून एकेक शारीरिक हालचाल मिळत जाते. अशा पाच हालचाली पाच जणांनी मिळून अचूक केल्या, तर दुसऱ्या मितीत जाण्याचा मार्ग उघडेल, अशी त्यांची श्रद्धा बनते.

एवढे वाचून कुणी भुवया उंचावल्या तर त्यात गैर काही नाही. खुद्द मालिकाही आपल्याला भुवया उंचावायला सांगतेच.

पलंगाखालची पुस्तके

पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात फ्रेंचला ओएच्या पलंगाखाली एक खोके सापडते. त्यात पुस्तके असतात. रशियन धनाढ्यांवरचे एक, मृत्युसमीप अनुभवांवरचे एक, देवदूतांवरचे एक, आणि होमरचे ‘इलियड’. ओएच्या कथेत काचेपलीकडच्या ज्या कैद्यावर तिचे प्रेम जडते, त्याचे नाव होमरच आहे. म्हणजे सारी कथा पुस्तकांतून जुळवलेली? पाचही श्रोत्यांचा विश्वास एका रात्रीत ढासळतो. मालिका मात्र इथेच पाचर मारून ठेवते. पुस्तके सापडतात त्या रात्री त्या घरात ओएचा समुपदेशकही अनपेक्षितपणे हजर असतो. पुस्तके तिचीच की कुणी आणून ठेवलेली, याचे उत्तर मिळत नाही.

अशा कथनाला साहित्यशास्त्रात जुनी परंपरा आहे. बल्गेरियात जन्मलेले फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मधील ग्रंथात या प्रकाराची व्याख्या केली. घडलेल्या गोष्टीला नैसर्गिक कारण आहे की अलौकिक, या संभ्रमात वाचक जोवर लोंबकळत राहतो, तोवरच ही कथा ‘अद्भुत’ असते. निर्णय झाला की ती दुसऱ्या कुठल्यातरी प्रकारात जाते. हेन्री जेम्स यांची १८९८ मधील ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा याचे गाजलेले उदाहरण. घरातली भुते खरी की मुलांना सांभाळणाऱ्या बाईच्या मनातली, यावर सव्वाशे वर्षे वाद चालू आहे.

‘द ओए’ मात्र या परंपरेत एक महत्त्वाचा बदल करते. जेम्स यांच्या कथेत वाचकाने ‘भुते खोटी’ असे ठरवले, तर एक कोडे सुटते. येथे ‘कथा खोटी’ असे ठरवूनही काही सुटत नाही. प्रेअरी सात वर्षे कुठे होती? पाठीवरचे व्रण कशाचे? स्पर्शाचे एवढे भय कुठून आले? आंधळी मुलगी डोळस होऊन कशी परतली? पुस्तकांचे खोके यापैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. मालिकेवर लिहिलेले बरेचसे लेख ‘खरे की खोटे’ या एकाच वळणावर अडकले. बातमीदाराची सवय अशीच असते. जबाबातला एक तपशील चुकीचा निघाला की सारा जबाबच रद्दीत टाकावासा वाटतो. पोलिसांची सवयही याहून फारशी वेगळी नसते. परंतु छळातून सुटलेल्या माणसाच्या बाबतीत ही सवय किती अपुरी आहे, याचा विचार मानसशास्त्राने गेल्या पन्नासेक वर्षांत बराच केला आहे.

बंदिवासाचे मानसशास्त्र

बंदिवासाविषयी बोलताना सर्वसामान्य माणसाला एकच संज्ञा चटकन आठवते, ती म्हणजे ‘स्टॉकहोम सिंड्रोम’. ऑगस्ट १९७३ मध्ये स्वीडनच्या राजधानीत एका बँकेत दरोडेखोराने चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवले. ओलिसांना दरोडेखोरापेक्षा पोलिसांचीच अधिक धास्ती वाटत होती. पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेजेरोट यांच्या मांडणीतून ही संज्ञा पुढे रूढ झाली. मात्र अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत तिला कधीच स्थान मिळालेले नाही. ऑस्ट्रियातील नताशा काम्पुश हिला १९९८ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी पळवून नेण्यात आले आणि ती २००६ मध्ये स्वतःच निसटली. पुढे तिने हे लेबल आपल्याला लावण्यास स्पष्ट नकार दिला. आठ वर्षे ज्या एकाच माणसाशी बोलता आले, त्याच्याविषयी मनात काहीच निर्माण होऊ नये, ही अपेक्षा बाहेरच्यांची. आत असलेल्याला जगायचे असते.

या बाबतीत अधिक उपयोगी ठरते ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचे १९९२ मधील ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हे पुस्तक. आघातोत्तर तणाव विकार हे निदान अमेरिकी पुस्तिकेत १९८० मध्ये आले, तेव्हा त्यामागे प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. हर्मन यांचे म्हणणे असे की, एकदाच कोसळणारा आघात आणि कैदेत वर्षानुवर्षे सोसावा लागणारा आघात यांत मूलभूत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात माणसाची ‘मी कोण’ ही जाणीवच मोडते. त्यासाठी त्यांनी ‘जटिल’ आघात विकार ही वेगळी संज्ञा सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली आणि ही आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. संकल्पना मांडली गेल्यापासून अधिकृत वर्गीकरण लागू होईपर्यंत तीस वर्षे गेली.

हर्मन यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या अभ्यासांचा आधार घेऊन त्या सांगतात की, तेथे तग धरण्याचे मूळ एकक एकटा माणूस हे नव्हतेच. दोघांची जोडी हे होते. ‘द ओए’मधील कोठड्यांची रचना या दृष्टीने पाहावी. काचेमुळे कैदी एकमेकांना पाहू शकतात, बोलू शकतात. हात मात्र लावू शकत नाहीत. होमर आणि ओए यांचे प्रेम काचेच्या दोन बाजूंनी फुलते. पाच हालचाली त्यांना शिकाव्या लागतात त्याही काचेतून एकमेकांकडे पाहत, वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा. विसरू नयेत म्हणून त्या अंगावर कोरल्या जातात. रुग्णालयात दिसलेल्या व्रणांचा अर्थ असा उशिरा कळतो. या हालचालींनी मिती ओलांडता येते की नाही हे बाजूला ठेवले, तरी सात वर्षे वेड न लागता काढायला त्या पुरल्या, हे मालिकेतच दिसते.

बरे होण्याच्या प्रक्रियेचे हर्मन तीन टप्पे सांगतात: सुरक्षितता, घडलेल्याचे स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे. ओसाड घरातील रात्रीच्या बैठकांत हे तिन्ही टप्पे जवळजवळ याच क्रमाने येतात. ओए तपासनिसांना काही सांगत नाही, कारण त्यांना माहिती हवी असते. आईवडिलांना सांगत नाही, कारण त्यांना जुनी प्रेअरी हवी असते. ओसाड घरात बसलेल्या पाच जणांची तिच्याकडे अशी कोणतीच मागणी नसते. ते फक्त ऐकतात. आणि ऐकता ऐकता त्यांच्यातच बदल होऊ लागतो. छावणीची माणसे स्टीव्हला रातोरात उचलून नेतात, तेव्हा बेट्टी भावाच्या पश्चात मिळालेले पैसे देऊन त्याला सोडवून आणते. माझ्या मते साऱ्या मालिकेतील सर्वोत्तम प्रसंग हाच. त्यात अलौकिक असे काहीही नाही.

मृत्यूपलीकडचे आवाज

हॅपचे संशोधन पूर्णपणे हवेतले नाही. मृत्युसमीप अनुभव ही संज्ञा अमेरिकी डॉक्टर रेमंड मूडी यांच्या १९७५ मधील पुस्तकामुळे प्रचलित झाली. बोगदा, प्रकाश, शरीराबाहेर तरंगण्याची जाणीव ही वर्णने तेव्हापासून सर्वांच्या परिचयाची झाली. नेदरलँड्समधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी १० रुग्णालयांतील, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के रुग्णांनी, असा काही अनुभव सांगितला. कारणांविषयी मतभेद आहेत. मेंदूला प्राणवायू कमी पडणे, औषधांचा परिणाम, भीती अशी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. व्हान लोमेल यांचा प्रश्न असा की, शारीरिक कारण हेच खरे असेल तर हा अनुभव सर्वच रुग्णांना का येत नाही? टीकाकारांना हा युक्तिवाद मान्य नाही.

हॅप मात्र पाहणी करत बसत नाही. तो मृत्यू घडवून आणतो. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेचे पहिलेच कलम सांगते की, मानवी प्रयोगात सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. हॅपच्या लेखी ही अडचण आहे एवढेच. जेसन आयझॅक्स यांनी ही भूमिका आरडाओरडा न करता, जवळजवळ हळुवारपणे केली आहे आणि त्यामुळेच हॅप अधिक भीतिदायक वाटतो. तो कैद्यांशी सौजन्याने वागतो, ओएने केलेला स्वयंपाक चवीने खातो. क्रौर्याला नेहमीच राक्षसाचा मुखवटा लागतो असे नाही.

शाळेतला गोळीबार

पहिल्या पर्वाचा शेवट सर्वाधिक वादग्रस्त ठरला. शाळेच्या भोजनगृहात एक बंदूकधारी शिरतो. मुले टेबलांखाली लपतात. तेव्हा ओएचे पाच श्रोते एकेक करून उभे राहतात आणि शिकलेल्या पाच हालचाली करू लागतात. बंदूकधारी थबकतो, तेवढ्यात भोजनगृहातला एक कर्मचारी त्याच्यावर झडप घालतो. सुटलेली गोळी काचेच्या खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या ओएला लागते. पुन्हा काच, आणि काचेपलीकडे तीच.

अनेक समीक्षकांना हे उथळ वाटले. कोलंबाइन (१९९९) आणि सँडी हूक (२०१२) या शाळांतील हत्याकांडांच्या जखमा ओल्या असलेल्या देशात नाचून बंदूक थांबते असे दाखवणे हा त्या दुःखाचा अवमान आहे, असा आक्षेप होता. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. गोळीबाराची पूर्वसूचना मालिकेत पुरेशी येत नाही आणि एवढा भयंकर विषय शेवटच्या काही मिनिटांत वापरून टाकल्यासारखा वाटतो. दुसरीकडे, रायन हेफिंग्टन यांनी बसवलेल्या त्या हालचालींत एक विचित्र, ओबडधोबड ताकद आहे. देखणे नृत्य असते तर प्रसंग कोसळला असता. येथे पाच घाबरलेली माणसे श्वास टाकत, हात झटकत, लाजही न बाळगता काहीतरी करत असतात. हसू यावे आणि येऊ नये, दोन्ही एकदमच होते. मालिका हास्यास्पद ठरण्याचा धोका जाणूनबुजून पत्करते.

हा धोका पत्करणाऱ्या ब्रिट मार्लिंग आणि झाल बातमंगलीज या जोडीची ओळख जॉर्जटाउन विद्यापीठातली. मार्लिंग यांनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले होते. वित्तक्षेत्रातील वाट सोडून त्या चित्रपटांकडे वळल्या. ‘साउंड ऑफ माय व्हॉइस’ या त्यांच्या २०११ मधील चित्रपटातही तळघरात बसून स्वतःला भविष्यातून आलेली म्हणवणारी स्त्री आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही या पेचात सापडलेले श्रोते आहेत. म्हणजे ‘द ओए’चे बीज तेथेच पडले होते. ओएची भूमिका मार्लिंग यांनी स्वतः केली आणि पहिल्या पर्वाचे आठही भाग बातमंगलीज यांनी दिग्दर्शित केले.

अर्धवट राहिलेली कथा

दुसऱ्या पर्वात ओए खरोखरच दुसऱ्या मितीत, सॅन फ्रान्सिस्कोत, नीना अझारोवाच्या शरीरात जागी होते. करीम वॉशिंग्टन नावाचा गुप्तहेर एका बेपत्ता मुलीचा शोध घेत असतो आणि दोघांच्या वाटा एका गूढ घरापाशी मिळतात. पर्व देखणे आहे, कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे. तरीही एक तक्रार नोंदवावीशी वाटते. पहिल्या पर्वाने जपलेला संभ्रम येथे बहुतांशी विरतो. कथा खरी होती हे कळते आणि काहीतरी हरवते. तो ताण शिल्लक राहतो तो मिशिगनमध्ये मागे उरलेल्या पाच जणांपाशी. आपण ऐकले ते खरे होते का, हे न कळताच त्यांना जगायचे आहे. सगळ्यांना ते जमत नाही. जेसी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण पावतो. दुसऱ्याच्या वेदनेचे श्रोते होणे ही फुकटची गोष्ट नाही, हे मालिका येथे कोणतीही सवलत न देता दाखवते.

मालिका पाच पर्वांची आखलेली होती. नेटफ्लिक्सने ५ ऑगस्ट २०१९ रोजी ती बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा आधीच्या पर्वाला साडेचार महिनेच झाले होते. प्रतिक्रिया मात्र अनपेक्षित होती. चाहत्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये जाहिरातफलक लावला. लॉस एंजेलिसमधील नेटफ्लिक्सच्या कार्यालयाबाहेर एका चाहतीने उपोषण केले. ठिकठिकाणी अनोळखी माणसे रस्त्यावर एकत्र येऊन त्या पाच हालचाली करू लागली. मालिका बंद झाली म्हणून उपोषण हे आपल्याला अतिरेकी वाटेल, आणि आहेही. पण त्या जमावात संकटातून गेलेली, एकाकी, आपले म्हणणे कुणी खरे मानले नाही अशी माणसे असतील, तर त्यांनी या मालिकेत नेमके काय पाहिले असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. निर्णय मात्र बदलला नाही. मार्लिंग आणि बातमंगलीज यांची पुढची मालिका, ‘अ मर्डर अॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’, २०२३ मध्ये दुसऱ्या वाहिनीसाठी आली. ती रहस्यकथा होती आणि तिचा उलगडा रीतसर झाला.

‘द ओए’चा उलगडा राहिला तो असा. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस ओए आणखी एका मितीत जाते आणि तेथे ती चक्क एका मालिकेच्या चित्रीकरणस्थळी उंचावरून कोसळलेली अभिनेत्री आहे. तिचे नाव ब्रिट. तिच्या शेजारी तिचा नवरा म्हणून बसला आहे जेसन आयझॅक्स या नावाने वावरणारा हॅप. रुग्णवाहिका निघते. तिच्यामागे धावत एक तरुण येतो, आत शिरतो आणि हॅपला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो. हा तरुण म्हणजे स्टीव्ह. पहिल्या पर्वाच्या शेवटीही तो असाच रुग्णवाहिकेमागे धावला होता. तेव्हा त्याला ती गाठता आली नव्हती.